धुक्यातलं रान

पावसाळा सरला की नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या वहिनींचे डोळे बंड करून उठायचे. नदीकाठचं गवत फुलोऱ्यावर यायचं, त्याचे पराग वाऱ्यावर सुटायचे आणि वहिनींना दिव्यांभोवती कडी दिसू लागायची. रस्त्यावरची माणसं पाण्याखालून चालल्यासारखी तरंगत जायची.

यंदा रंगवायचं होतं पहाटेचं रान. डॉक्टरांनी बजावलं, "डोळे अजिबात चोळायचे नाहीत. खिडक्या बंद ठेवा, बाहेर पडताना चष्मा लावा, घरी आल्यावर केस धुवा. थंड पाण्याच्या घड्या ठेवा, आणि सकाळ-संध्याकाळ हे थेंब."

बाकी सगळं जमलं, थेंबांनी मात्र नाकी नऊ आणले. बाटली जवळ आली की पापणी मिटायची आणि औषध थेट कानात.

"मेल्या, आत जा ना!" वहिनी बाटलीवरच खेकसल्या.

वरच्या खोलीत त्यांची नणंद राहायची. त्याच नाटकमंडळीचे कपडे शिवायची. भाऊ गेल्यावर त्याचा कोट वहिनींनी परस्पर देऊन टाकला, तेव्हापासून दोघींचा अबोला होता. आवाज ऐकून ती खाली आली, पलंगावर बसली आणि वहिनींचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

"छताकडे बघा." थेंब बरोबर पडला. "आता मिटा. हलू नका."

डोळ्यांवर गार घडी आली. मिटल्या पापण्यांआड हिरवट उजेड पसरत गेला. वहिनींना वाटलं, आपण त्या रानातच आडव्या झालोय आणि झाडांमागून कुणीतरी बोलतंय.

"दादाचंही लहानपणी असंच व्हायचं. गुरुजींना वाटायचं, पोरगं रडतंय. शिक्षा माफ! मग काय, मुद्दाम चोळून लाल करून घ्यायचा, लबाड."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुमच्यासमोर भाव खायचा ना!"

वहिनी हसल्या. हसता हसता घडीखालून पाणी ओघळलं.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "तो कोट रोज खुंटीवर मलाही बघवला नसता." आणि लगेच तिने दटावलं, "रडू नका, औषध वाहून जाईल." आणि तिने घडी पालटली.

मग रोज दोन्ही वेळा ती खाली यायची. पडद्यावर रान उतरलं, पण सगळ्या कडा पुसट. वहिनींना धास्ती वाटत होती. दिग्दर्शक मात्र बघतच राहिले. "हे धुकं कसं साधलंत हो?"

शिलाई मशीनमागून नणंद म्हणाली, "थेंबाथेंबानं."

थंडी पडली, डोळे निवळले. तेव्हा कुठे वहिनींना दिसलं, मधल्या झाडांना बुंधेच नाहीत, ती नुसती तरंगताहेत. त्यांनी कुंचला उचलला, जरा वेळ बघत राहिल्या, आणि तसाच खाली ठेवला.