पुसट नको

“थांबा बाई. आता तो जाऊन राह्यला,” सोमारीबाई म्हणाल्या.

मी माउसवरचा हात उचलला. पडद्यावरचा मुखरू पहाटेच्या तळ्यावरच्या धुक्याएवढाच उरला होता.

सोमारीबाईच्या लेकीचं, रोशनीचं लग्न अकरा दिवसांवर आलेलं. माघ होता, साल दोन हजार सहा. गोंडपिपरीत संगणकावर लग्नपत्रिका करून देणारी माझी एक खोली होती. तुळशीला पाणी घालून यायचं, संगणकाला कुंकू लावायचं आणि मगच बटण दाबायचं, एवढा माझा नेम. नवरीच्या वडिलांचा, मुखरूचा जुना फोटो हाती आला, तशी मी सवयीनं चौकट काढली, फोटो तिच्यात भरला आणि पारदर्शकतेची पट्टी सत्तरावर नेली. वरची अक्षरं छान उठून आली.

आमच्याकडे अक्षरांमागे असा विरलेला माणूस म्हणजे गेलेला माणूस. मी सोमारीबाईच्या कपाळाकडे पाहिलंच नव्हतं. रुपयाएवढं कुंकू होतं.

मुखरू अकरा वर्षांपूर्वी नदीपार तेलुगू मुलखात मिरची तोडायला गेला, तो परतला नाही. मेल्याचीही खबर नाही.

सोबत आलेला धाकटा दीर, श्रावण, हळूच म्हणाला, “वहिनी, राहू दे ना तसाच. सारेच तसा टाकतात.”

“सारे मेलेल्याचा टाकतात. तुह्या भावाले तू जाळून आला का?”



मी पट्टी उलटी सरकवू लागले. साठ. चाळीस. वीस. तळ्याच्या बुडातून कुणी सावकाश वर यावं तसा तो येत होता. आधी डोळे, मग मिशी, मग कानातली बाळी. बाई पदर तोंडाशी धरून पाहत होत्या. शून्यावर तो पुरता आला आणि लग्नाचा मुहूर्त त्याच्या शर्टाच्या चौकड्यांत हरवला.

“घ्या. आता तारीख कोन वाचन?” श्रावण म्हणाला. “पत्रिका होय का वोटर कार्ड?”

“गावाले तारीख मी तोंडानं सांगीन,” सोमारीबाई म्हणाल्या. “पन्नास पत्रिका मिरचीवाल्यायसंगं नदीपार जातीन. तिथं मराठी कोनाले येते? चेहरा तं वाचतीन.”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाई, पुसट नको. वळखू आला पाहिजे.”

मी अक्षरं बारीक केली आणि तळाशी दोन ओळींत नेऊन बसवली. वर सगळा मुखरू.

लग्नाला मला बोलावणं होतं. सोमवार होता, म्हणून जेवले नाही. मंडपाच्या कडेला बसून राहिले. कन्यादानाला सोमारीबाई पाटावर बसल्या. शेजारच्या पाटावर पत्रिका ठेवली होती. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर एक सुपारी होती.

सुपारी अक्षरांवर ठेवलेली. चेहरा मोकळा होता.