पान उघडेना

दादाचा फोन आला तेव्हा चिंगी एका दवाखान्यातल्या प्रिंटरच्या पोटात हात घालून बसली होती. चाळिशीला टेकली तरी नात्यागोत्यात ती चिंगीच. बाहेर मात्र आसपासच्या चार इमारतींतले डॉक्टर, वकील, दुकानदार तिला ‘कॉम्प्युटरवाल्या बाई’ म्हणायचे.

“चिंगे, आत्ताच्या आत्ता ये. घरच्या लॅपटॉपवर एक पान उघडेल तर शपथ! एक वाजता अर्जाची मुदत संपते.”

“कसला अर्ज?”

“विभागप्रमुखाचा. फोनवरून भरता येत नाही, ऑफिसचा लॅपटॉप दुरुस्तीला गेलाय. ये ना बाई!”

दादा म्हणजे तिचा चुलतभाऊ. गेल्या चौदा वर्षांत तो तिला ‘ये ना बाई’ असं कधी म्हणाला नव्हता. तिने प्रिंटरचं झाकण लावलं आणि निघाली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, आपण चक्क गुणगुणतोय.

आई-वडील लवकर गेल्यामुळे चिंगी काकांच्या घरी वाढली. दादाने आणि तिने बरोबरीने नकाशे काढायचं शिक्षण घेतलं, आणि हात तिचाच सरस होता. मग सरकारी नकाशा कार्यालयात एकच जागा निघाली. अर्ज इंटरनेटवरून भरायचा आणि घरात कॉम्प्युटर एकच. दोन दिवस ती त्याच्यापुढे ठाण मांडून बसली, पण पान उघडेना. दादा म्हणाला, “लाइनच गेलीय. माझाही राहिला बघ.” महिन्याभराने त्याच्या नावचं नेमणुकीचं पत्र आलं. मित्राकडे जाऊन भरला म्हणे, तिला सांगायचं तेवढं राहून गेलं. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, पोरगी धांदरट.

पुढे दादाने नवीन कॉम्प्युटर घेतला आणि जुना तिच्या गळ्यात मारला. त्याच्यावरच ती दुरुस्ती शिकली. एके दुपारी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तिला एक पत्ता दिसला. थेट इंटरनेटवर जाऊ नकोस, प्रत्येक पान अमुक यंत्राकडून मागून आण, असं ब्राउझरला सांगायची एक सोय असते. तिथे कोणीतरी हाताने चार आकडे भरले होते. नऊ, अकरा, एकोणीस, चौऱ्याऐंशी. त्या पत्त्यावर ब्राउझरला पान देणारं काहीच नव्हतं. पण नऊ अकरा एकोणीसशे चौऱ्याऐंशी ही दादाची जन्मतारीख होती.

काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले. ती बोलली नाही. गिळलं, पण पचलं कधीच नाही.

दार वहिनीने उघडलं. “या ताई. लॅपटॉप माझाच आहे, पण गेल्या उन्हाळ्यापासून असाच. हे म्हणाले, जुना झालाय, ठेवून दे.”

आत दादा येरझारा घालत होता. शर्ट पाठीला चिकटलेला. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

वाटेत चिंगीने ठरवलं होतं, याला शेवटच्या मिनिटापर्यंत घाम फोडायचा. तिने सावकाश चष्मा पुसला. वायफाय तपासलं. लॅपटॉपवरच्या वेगळ्या अ‍ॅपमधून वहिनीच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला, तो लख्ख लागला.

“म्हणजे नेट आहे,” ती म्हणाली. “अडलंय ते ब्राउझरमध्ये.”

“मग काढ ना लवकर! काय बघत बसलीस?”

“दादा, घाईत काम बिघडतं.” तिने ब्राउझरमध्ये साठलेला कचरा पुसला. पान उघडायच्या जागी चकरी फिरतच राहिली. जास्तीच्या सोयी एकेक बंद केल्या. चकरी फिरतच. मग तिने सेटिंगचं ते पान उघडलं आणि तिचा हात थांबला.

नऊ. अकरा. एकोणीस. चौऱ्याऐंशी.

क्षणभर तिला वाटलं, आपल्याला भास होतोय. मग तिने मागे वळून विचारलं, “वहिनी, हा बंद पडला तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“अंध मुलांना शिकवायचा अभ्यासक्रम असतो ना, दोन वर्षांचा, तिथे राहून करायचा. त्याचा अर्ज भरत होते. पान उघडलंच नाही. का हो?”

“हे आकडे वाचा.”

वहिनी वाकली. तिने एकदा वाचले, ओठ हलवत पुन्हा वाचले. मग नवऱ्याकडे पाहिलं.

“काहीतरी आपोआप झालं असेल,” दादा म्हणाला.

“आपोआप तुझी जन्मतारीख?” चिंगी म्हणाली. “चौदा वर्षांपूर्वी माझ्या कॉम्प्युटरवरही हीच आपोआप आली होती. आज तूच ती काढून टाकायची होतीस की! की सेटिंगची जागा मध्ये बदलली, ती सापडेना? आणि विचारायची सोय नाही.”

दादाचा चेहरा उतरला. “चिंगे, मागचं मागे. नंतर काय हव्या त्या शिव्या दे. वीस मिनिटं राहिलीत गं. आधी मला भरू दे.”

चिंगी खुर्चीवरून उठली. “वहिनी, लॅपटॉप तुमचा. बसा. ते आकडे खोडा. आता खाली ‘थेट जोडा’ म्हटलंय, तिथे टिचकी मारा.”

वहिनीने मारली. पान झर्रकन उघडलं. दादा पुढे झेपावला, पण वहिनीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

“ताई, यंदाचे अर्ज सुरू असतील?”

“बघा की.”

“अगं, वेड लागलंय का?” दादा ओरडला. “तुझी मुदत आज आहे का? तू उद्या भर!”

“उद्या उघडेल याची काय खात्री?” वहिनी म्हणाली आणि तिने संस्थेचं नाव टाइप केलं.

त्याने हात पुढे केला. चिंगी मध्ये उभी राहिली.

“हात लावून बघ. तो जुना कॉम्प्युटर मी जसाच्या तसा ठेवलाय. उचलून तुझ्या कार्यालयात नेईन आणि साहेबांच्या टेबलावर चालू करीन.”

दादा हातापाया पडला, रागावला, काकांची शपथ घालून पाहिली. शेवटी पलंगाच्या कडेवर बसला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागला. चिंगी त्याच्याकडे बघत राहिली. आपल्याला थोडी तरी दया येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही. पाच मिनिटं राहिली तेव्हा त्याने डोळे मिटले, तर तिला वाईट वाटलं ते एवढंच, की याने बघायला हवं होतं.

एक वाजला. वहिनीची बोटं अडखळत, पण न थांबता चालली होती. नाव झालं, शिक्षण झालं, वसतिगृह हवं का, तिथे ‘हो’ झालं.

“ताई,” तिने मान न वळवता विचारलं, “अडीअडचणीला कोणाला कळवायचं, असं विचारलंय. कोणाचा नंबर घालू?”

दादाने मान वर केली.

“माझा घाला,” चिंगी म्हणाली आणि आकडे सांगू लागली.