पाण्याचा दोष

वहिनींनी रबरी नळीचं एक टोक टाकीच्या तळाशी सोडलं, दुसऱ्या टोकाने हवा ओढली आणि खारं पाणी ओठांना लागताच नळी बादलीत टाकली. पाण्याबरोबर अंडी येऊ लागली. पांढरी, दुधी, खडूच्या चुऱ्यासारखी. जिवंत अंडं काचेसारखं आरपार दिसतं आणि वर तरंगतं. मेलेलं खाली बसतं. या टाकीत वर तरंगणारं काहीच उरलं नव्हतं.

"हीपण गेली?" धाकटा दारातच थांबला होता.

"थोडी फुटली होती काल. पिल्लं वाकडीच निघाली. सकाळी बघते तर तीही नाहीत."

"पाणी बदललं, फिल्टर नवे बसवले, नर बदलले. आता काय आपणच अंड्यांवर बसायचं?"

एरवी असल्या बोलण्यावर वहिनी हसत. आज त्यांनी नळी झटकली आणि पुढच्या टाकीकडे वळल्या.

धाकटा त्यांचा दीर. समुद्राकाठचा हा माशांचा प्रकल्प दोघा भावांनी उभा केला होता. थोरले दादा माशांचं बघत, धाकटा बाहेरचं: गाड्या, गिऱ्हाइकं, परवाने. अंड्यांची खोली पहिल्यापासून वहिनींकडे. आसपासचे तळीवाले इथूनच पिल्लं नेऊन वाढवत. गेल्या हंगामात पिल्लं कमी निघाली तेव्हा त्यांनी सांभाळून घेतलं होतं. या हंगामात त्यांची तळी रिकामीच होती आणि त्यांचे फोन घेणं धाकट्याच्या जिवावर येत होतं.

"वहिनी, मी बाजारवाल्याशी बोललोय," तो आवाज खाली आणून म्हणाला. "परवा गाडी येईल. माद्या देऊन टाकू."

"सगळ्या?"

"वांझ झाल्यात त्या. ही खोली बंद करू, पिल्लं बाहेरून आणू. मला नाही आता सोसवत."

त्या माद्या त्यांनी बोटाएवढ्या होत्या तेव्हापासून वाढवल्या होत्या. मादी अंड्यांवर यायला वर्षं लागतात. एकदा त्या गाडीत चढल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचं बळ या घरात कोणातच नव्हतं.

"यांना विचारलंत, भाऊजी?"

"दादाला? काय विचारू? त्याला धड घास गिळता येत नाही."

झटका आल्यापासून दादा वरच्या खोलीत पडून होते. उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. संध्याकाळी वहिनी वर गेल्या की ते एकच शब्द कसाबसा बाहेर काढत. "फुटली?" आणि वहिनी म्हणत, "थोडी."

त्यांनी हात पुसले. "अजून एक मादी आहे. काणी."

जखम होऊन तिचा एक डोळा गेला, तेव्हा बाकीच्या माद्या तिला टोचून हैराण करत. म्हणून प्रकल्पावरच्या पंपवाल्याने तिला मागच्या तळ्यात नेऊन सोडलं होतं. समुद्राचं पाणी आधी त्या तळ्यात घेत, गाळ खाली बसला की पुढे सोडत. तिकडे कोणी फिरकत नसे.

"आहे का ती अजून?" धाकट्याने पंपवाल्याला हाक मारून विचारलं.

"आहे की! माहेरी आल्यासारखी राहतेय. काम ना धाम."

दुपारी तिघांनी मिळून तिला जाळ्यात घेतलं. ओल्या फडक्यात धरून वहिनींनी तिच्या पोटावरून हलकेच अंगठा फिरवला. अंड्यांची धार आली. नराचं रेत मिसळून, समुद्राचं पाणी घालून त्यांनी काचेचं भांडं खिडकीपाशी धरलं. आत काही दिसेना. काही आलंच नाही की काय, म्हणून त्यांनी भांडं तिरपं केलं, आणि पाण्याच्या वरच्या कडेला पारदर्शक मण्यांचा एक जाड थर डुलला.

पंपवाल्याने उगाचच डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पिल्लं निघाली. सरळ, सुईसारखी. धाकट्याने बाजारवाल्याला गाडी थांबवायला सांगितलं आणि तो धावतच खोलीत आला.

"पाणीच, वहिनी! मागच्या तळ्यातच काहीतरी आहे."

"पाणी तेच आहे. तिथूनच तर इकडे येतं." वहिनी मायक्रोस्कोपवर वाकलेल्याच होत्या. काणीच्या अजून न फुटलेल्या एका अंड्यात तेलाचा एकच थेंब होता, गोल, सोनेरी. बाकीच्यांच्या अंड्यांत तो फुटून इकडेतिकडे विखुरलेला असे. त्यांनी मान वर केली. "काणीला काय घालता हो तुम्ही?" त्यांनी पंपवाल्याला विचारलं.

"काही नाही. भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबी येते, बारके मासे येतात, त्यावर ताव मारते. खाद्याचं पोतं तिथवर कोण वाहून नेणार?"

वहिनी हळूच पालथ्या बादलीवर बसल्या.

खाद्य दादांचं होतं. तळ्यातले मासे पोसायला समुद्र उपसायचा, हे त्यांना कधी पटलं नव्हतं. गेल्या हंगामाच्या आधी त्यांनी खपून स्वतःचं खाद्य बनवलं, सोयाबीनचं, जवसाच्या तेलाचं, माशाचा कणही न घालता. त्यावरून मासळी पुरवणाऱ्या होडीवाल्याशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. पुन्हा तुझी एक टोपली या फाटकातून आत घेणार नाही, असं चार माणसांत सुनावून ते आले होते. आणि मासे त्या खाद्यावर वाढलेही उत्तम. माद्याही तुकतुकीत दिसत. पण माशाचं जे तेल त्यांच्या पोटात जातच नव्हतं, ते त्या अंड्यांत कुठून घालणार?

धाकट्याच्या लक्षात यायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला.

"दादाचं खाद्य?"

वहिनींनी मान डोलावली.

"वहिनी, हे त्याला सांगू नका. हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. तेवढं एक खाद्य उरलंय त्याच्याकडे."

"आणि माद्या? आज खाणं बदललं तरी पोटातली अंडी महिन्यांपूर्वीच्या खाण्यावर भरलेली आहेत. हा हंगाम गेलाच, भाऊजी. पुढचा वाचवायचा तर आत्तापासून रोज ताजी मासळी हवी. ती कोण देणार आपल्याला?"

ताजी मासळी होडीवाल्याकडेच मिळे, आणि तो धाकट्यालाही दारात उभं करत नसे.

वहिनी जिना चढून वर गेल्या. दादांची मान दाराकडेच वळलेली होती.

"फुटली?"

"काणीची फुटली. ती मागच्या तळ्यात असते ना, तिची. छान निघालीत पिल्लं."

दादांनी मान खिडकीकडे, मागच्या तळ्याच्या दिशेने वळवली. "बाकी... च्यांची?"

"नाही." वहिनी चादरीची घडी सारखी करू लागल्या. "पाण्याचा दोष आहे, असं वाटतंय. बघू."

"पाण्याचा," दादा म्हणाले. आणि मग, "बरं."

सकाळी फाटकाशी टेम्पो वाजला. वहिनी बाहेर आल्या तेव्हा होडीवाला स्वतः बर्फाचे क्रेट उतरवत होता. लिबलिबीत माकूल, कोळंबी, चांदीसारखे बारके मासे. धाकटा बाजूला हातांची घडी घालून उभा होता. भांडावं की मदत करावी, हे त्याचं ठरत नव्हतं.

"कोणी मागवलं?" वहिनींनी विचारलं.

"दादांनी." होडीवाल्याने क्रेट खाली ठेवला. "काल रात्री फोन आला. आधी वाटलं, कोणी पिऊन बोलतंय. ठेवणारच होतो. पण माणूस सोडेना. एकेक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. माकूल. रोज. माद्यांना." त्याने हातावरचा बर्फ झटकला. "आवाज ओळखला, तेव्हा मलाच बोलता येईना."

धाकट्याने हातांची घडी सोडली आणि दुसरा क्रेट उचलला.

वहिनींनी सुरी घेतली. माकूल कापून त्यांनी पहिल्या टाकीत टाकलं. माद्यांनी ते ओळखलं नाही. तुकडे तळाशी गेले आणि पडून राहिले. वहिनी तिथेच वाकून उभ्या राहिल्या, कंबर भरून येईपर्यंत. शेवटी एक मादी खाली गेली, तुकडा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला.

चहा घेऊन वहिनी वर गेल्या. दादांच्या मानेखाली हात घालून त्यांना बसतं केलं, कप ओठांना लावला. फोनचा विषय दोघांनीही काढला नाही.

"पाणी... सुधारेल?" दादांनी विचारलं.

"सुधारेल. पण या हंगामात नाही."

दादांनी मान हलवली. एक घोट घेतला. थोडा चहा हनुवटीवर ओघळला, तो वहिनींनी पदराने टिपला.

"गोदामात... पोती आहेत."

"वाढीच्या माशांना घालू ना," वहिनी चटकन म्हणाल्या. "त्यांना मानवतं ते. फक्त माद्यांनाच..."

त्या थांबल्या. कप त्यांच्या हातात तसाच राहिला.

दादांनी डावा हात उचलला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला. मग कप आपल्या तोंडाकडे ओढला.

"साखर," ते म्हणाले, "कमी आहे."