पेटवणाची टोपली

लढाई तिकडे सातासमुद्रापलीकडे चालली होती आणि काड्यापेट्या इकडे तापीकाठी, प्रकाशा गावच्या बाजारातून नाहीशा झाल्या होत्या. गावाचं त्यावाचून फारसं अडलं नाही. एका घरी चूल पेटली की शेजारीण खापर घेऊन येई, दोन निखारे नेई, आणि विस्तव असा घरोघर फिरे.

रेवामायचं खापर रोज सकाळी रूपीबाईच्या दारात. साठी कधीच उलटलेली, घरात दुसरं माणूस नसलेली ही म्हातारी गल्लीच्या टोकाला राहायची. एकटीची चूल, एका भाकरीपुरत्या काटक्यांत रात्रभर विस्तव टिकत नसे. निखारा घ्यायला येई आणि तासभर ठाण मांडून बसे. तापीचा पूर, मेलेली म्हैस, भाच्याचं लग्न, सगळं पुन्हा पहिल्यापासून. ऐकता ऐकता रूपीबाईच्या भाकरी करपत. तरी ताकाचा पेला ती न मागता पुढे करी.

आषाढात झड लागली. निखारे वाटेतच विझत आणि म्हातारी पुन्हा दारात. एकदा चिखलात घसरून पडलीसुद्धा. रूपीबाईला कणव आली. खरं सांगायचं तर थोडा वैतागही होता, आणि ते तिचं तिलाही ठाऊक होतं.

तिने घरातला टाकाऊ माल जमवला. भुईमुगाची टरफलं, कापसाच्या बोंडांची सालं, फाटक्या लुगड्याच्या चिंध्या. दिव्यांच्या बुडाशी साचलेला एरंडेलाचा गाळ खरवडून त्यात कालवला, वरून शेणाचा हात लावला आणि लिंबाएवढे गोळे वळून चुलीच्या उबेला आठ दिवस सुकवले. चिंधीच्या टोकावर ठिणगी पडली की गोळा पेटलाच. टोपलीभर गोळे आणि मेलेल्या नवऱ्याची चकमक तिने रेवामायपुढे ठेवली.

"रेवामाय, आते तुले चिखलमा येवानी गरज नही. तुन्हा घरमाच चूल पेटाव."

म्हातारी टोपलीकडे बघत राहिली. "मंग मी येऊ नको का?"

"येवानं काय काम शे आते?" रूपीबाई हसून म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

दुसऱ्या दिवशी एकही भाकरी करपली नाही. तिसऱ्या दिवशी तिने उगीचच दोनदा दाराकडे पाहिलं. म्हातारी रुसली असेल, येईल आपण होऊन, असं मनाशी म्हणत तिने आठवडा काढला. जावंसं वाटत होतं, पण विस्तव देणारी बाई कधी कोणाच्या दारात जात नसे. ज्याला हवा त्याने यायचं, हीच रीत.

आठव्या दिवशी पाऊस उघडला तेव्हा ती गेली. रेवामाय गोधडीत मुटकुळं करून पडली होती. अंग गार झालेलं. चुलीत ओली राख, परातीत पाण्यात कालवलेलं कच्चं पीठ. टोपली भरलेलीच होती. चकमक तिच्या उशाशी होती, आणि उजव्या हाताची बोटं सोलून निघाली होती.

तेव्हा रूपीबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रेवामायचे हात कापायचे. ताकाचा पेला ती दोन्ही हातांनी धरायची, आणि हे रूपीबाईने रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या हातांनी गारगोटीवर चकमक झाडून ठिणगी पडणार कशी? आणि टोपलीभर पेटवण घरात असताना दुसऱ्याच्या दारात खापर घेऊन म्हातारी कोणत्या तोंडानं जाणार? रूपीबाई तिथेच जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली.

दुपारी शहाद्याहून रेवामायचा भाचा, उदेसिंग, आला. तिरडी बांधून झाली. मेलेल्याच्याच चुलीतला विस्तव मडक्यात घेऊन पुढे चालायचं असतं. तो चुलीपाशी वाकला आणि रिकामं मडकं घेऊन तसाच उभा राहिला.

"आग कोना घरनी लेवानी?"

"मन्हा घरनी," रूपीबाई म्हणाली.

तिने घरी जाऊन आपली चूल उकरली, चांगले धगधगीत निखारे खापरात घेतले, वर पदराचा आडोसा धरला आणि चिखल तुडवत गल्लीच्या टोकाकडे चालू लागली. इतक्या वर्षांत रेवामायच्या घरी विस्तव पोचवायला ती पहिल्यांदाच निघाली होती.