आधी कुणाचा आवाज

अप्पांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनीच सुचवलं, "आत्ताच आवाज साठवून ठेवा." ठरावीक वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची, त्यावरून त्यांच्यासारखा आवाज तयार होतो. पुढं ते टाइप करणार आणि कॉम्प्युटर बोलणार.

अप्पा जन्मभर वकिली केलेला माणूस. "म्हणजे घसा गेला तरी तुमचं डोकं खायची सोय झाली," म्हणाले आणि वाचायला बसले. वाक्यं अगदीच रटाळ होती. ‘खिडकीजवळची खुर्ची पुढे घ्या.’ ‘घड्याळ दुरुस्तीला दिले आहे.’ ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत ते वाचत होते, मध्येच खोकत, मध्येच वाक्य लिहिणाऱ्याच्या अकलेला नावं ठेवत.

ते सगळं त्यांच्या थोरल्या मुलीनं तिच्या हार्ड डिस्कवर ठेवलं. त्याच डिस्कवर आणखी एक फोल्डर होता. आई जायच्या आधी एकदा थोरलीनं तिला आणि अप्पांना समोरासमोर बसवून बोलतं केलं होतं आणि ते रेकॉर्ड केलं होतं. कसे भेटलात, पहिलं भांडण कशावरून झालं, असलं काहीबाही. आईचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता.

"दुसरी कॉपी काढून ठेव," धाकटा भाऊ तिच्या मागं लागला होता.

"काढते रे."

दवाखाना, ड्रेसिंग, नळीतून अन्न, या धबडग्यात ते राहून गेलं. अप्पांची वाक्यं आवाज तयार करणाऱ्यांकडं पाठवायला म्हणून एका सकाळी तिनं डिस्क लॅपटॉपला लावली, दारावरची बेल वाजली म्हणून उठली आणि वायरीत पाय अडकला. डिस्क फरशीवर आपटली. उचलून पुन्हा लावली तर आतून टक्, टक् असा आवाज यायला लागला.

धाकटा धावत आला. त्यानं काढ-घाल करून पाहिली, कुठलासा प्रोग्राम उतरवून घेतला आणि दुपारभर डिस्क चालवत ठेवली. सुरुवातीला फोल्डरची नावं तरी दिसत होती. संध्याकाळपर्यंत तीही दिसेनात.

"तू हात लावला नसतास तर..." थोरली म्हणाली.

"पाडली कुणी?" तो म्हणाला.

बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या एका बाईंचा पत्ता मिळाला. चष्म्याच्या दुकानावर एक खोली, टेबलावर भिंग, चिमटे आणि उघडून ठेवलेल्या डिस्का. बाईंनी डिस्क तपासायला ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी दोघांना बोलावलं.

"आत एक चकती फिरते आणि तिच्यावरून एक बारीकसा दांडा माहिती वाचतो," त्या म्हणाल्या. "पडल्यावर तो वाकला आणि नंतर तुम्ही चालवत राहिलात तेव्हा चकतीवर ओरखडे पडले. मी दुसऱ्या डिस्कचा दांडा बसवलाय. चालतोय, पण कधी मान टाकेल सांगता येत नाही. सगळं निघेल या भरवशावर राहू नका. आधी काय काढू?"

"आईचं," थोरली म्हणाली.

"वाक्यं," धाकटा त्याच क्षणी म्हणाला.

बाईंनी एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. "घरी बोलून घ्या. तोवर मी हात लावत नाही."

जिन्यात दोघांची जुंपली. शेवटी धाकटा म्हणाला, "अप्पांना विचारू." थोरलीचा जीव अर्धा झाला. अप्पांना अजून यातलं काहीच माहीत नव्हतं.

अप्पा गळ्याशी रुमाल बांधून खुर्चीत बसले होते. मांडीवर लिहून पुसायची पाटी होती. थोरलीनं सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग लिहिलं, ‘कोणी पाडली?’

"मी."

त्यांनी ते पुसलं.

"अप्पा, आईचं तेवढं एकच आहे," ती घाईघाईनं म्हणाली. "आणि तुमच्यासाठी... कॉम्प्युटरमध्ये दुसरे तयार आवाज मिळतात म्हणे." बोलता बोलताच तिला आपली जीभ चावावीशी वाटली.

अप्पांनी इतकं दाबून लिहिलं की पेन करकरलं. ‘तुला ऐकायचंय. मला बोलायचंय.’

"पण आईचा आवाज पुन्हा कधीच..."

अप्पांनी पाटी टेबलावर आपटली. तोंड उघडलं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, ओठ भराभर हलले. रुमालामागून नुसती हवा फसफसली. कोर्टात समोरच्याला घाम फोडणारा माणूस तसाच हवेशी झुंजत राहिला, मग दमला आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"बरं," थोरली म्हणाली. "वाक्यं आधी."

आठवड्यानं बाईंचा फोन आला. बहुतेक सगळी वाक्यं निघाली होती. त्यानंतर आईचा फोल्डर घेतला आणि डिस्क बंद पडली.

"थोडंसुद्धा नाही?"

"फाइलींची नावं आहेत. आत काही नाही. मी तीनदा पाहिलं हो."

थोरली होती तिथंच जमिनीवर बसली. धाकटा शेजारी येऊन बसला.

आवाज तयार होऊन आला तेव्हा तो अप्पांचाच होता आणि नव्हताही. सूर सपाट, वाक्याचा शेवट गिळलेला. अप्पांनी पहिला फोन लावला तो आपल्या बहिणीला. आत्यानं "कोण मेला चेष्टा करतोय" म्हणून फोन आपटला. अप्पांनी पुन्हा लावला.

"ठेवू नकोस. मीच आहे. तुझ्या हातात फोन दिला की तू अशीच वागतेस."

पलीकडून हुंदके ऐकू आले.

अप्पांची बोटं एकेक अक्षर शोधत होती. "रडू नकोस. मला टाइप करायला वेळ लागतो. तोवर तू किती रडशील."

आत्या रडता रडता हसली. थोरली दारात उभी राहून ऐकत होती. आईनं त्या दिवशी काय काय सांगितलं होतं ते तिच्या लक्षात होतं. कसं सांगितलं होतं, कुठं थांबली होती, ते मात्र काही केल्या कानाशी येत नव्हतं.

अप्पांनी फोन ठेवला, तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा बोटं चालवायला घेतली. ती वाट बघत राहिली.

"अशी दारात काय उभी," आवाज म्हणाला. "बस इथं."

ती जाऊन बसली. अप्पांची बोटं पुढचं अक्षर शोधायला लागली.