सेन्सरातला गाळ

या, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे. तोवर उद्यमनगरातल्या मीरासाब मिस्त्रींची गोष्ट सांगतो, बुवांच्या आख्यानात शोभेल अशी.

"गिअरबॉक्सची वाट लावलीस, आणि वर मलाच इचारतोस काय झालं म्हणून?"

उदयसिंहांचा आवाज रस्त्यापलीकडं जोतीरामच्या चहाच्या गाड्यापर्यंत पोचला. एरवी ते मीरासाबना 'चाचा' म्हणत. आज अरे-तुरेवर आले होते. पाडव्याला जयसिंगपुरातून घेतलेली त्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी चालताना धक्के देत होती, वेगाचा काटा शून्यावरून हलत नव्हता. गेल्याच आठवड्यात मीरासाबनी गिअरबॉक्सचं तेल बदललं होतं. त्याचाच राग.

"धा मिंटं द्या, मालक."

"धा मिंटात पळून जाशील."

मीरासाबनी स्कॅनर जोडला. पडद्यावर गिअरबॉक्सच्या स्पीड सेन्सरचा बिघाड आला. गाडी जॅकवर घेऊन ते खाली सरकले. अंगठ्याएवढा सेन्सर काढून मीटर लावला. सेन्सर मेला होता. मग त्याच्या वायरीचा सॉकेट उघडला आणि त्यांचा हात थांबला. आत काळा, बारीक गाळ सुकून बसला होता. शिरोळकडचा पूर ओसरल्यावर येणाऱ्या गाड्यांत त्यांनी असला गाळ किती वेळा खरवडला होता.

ही गाडी पुरात बुडालेली होती. आणि घेण्याआधी ती तपासून "घ्या बिनघोर" म्हणणारे मीरासाबच होते.

फडक्यानं एकदा पुसलं असतं तर मिटलं असतं. गाडीखाली बघणारं कुणी नव्हतं. म्हणजे, माणूस कुणी नव्हतं.

ते बाहेर आले, तळहात पुढं केला. "तेलाचा दोष न्हाय. सेन्सर गेलाय. पर ह्यो गाळ बगा. गाडी पुरातली हाय. मला तवा दिसलं न्हाय."

उदयसिंह दुप्पट भडकले. "बुडालेली गाडी माज्या गळ्यात बांधलीस? त्या इकणाऱ्याकडनं किती खाल्लंस?"

जोतीराम रस्ता ओलांडून आला. "पावणं, पाडव्याचा मुहूर्त टळतोय म्हणून तुमीच गाडी जॅकवर घिऊ दिली न्हाईसा. मी हुतो की हितं."

"जोतीराम, गप," मीरासाब म्हणाले. "बगायचं काम माजं हुतं."

"मग त्यो बोर्ड कशाला मिरवतोस?" उदयसिंहांनी वर बोट केलं. गॅरेजच्या नावाखाली लिहिलं होतं : जुनी गाडी घेण्याआधी दाखवा. "पुसून टाक."

मीरासाबनी सॉकेट धुतला, नवा सेन्सर बसवला, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आणली. काटा हलला, धक्के थांबले. उदयसिंहांनी किल्ली हिसकावली आणि वळूनही न पाहता ते निघून गेले.

मग मीरासाबनी स्टूल ओढलं, फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि ती ओळ एकेक अक्षर करून घासून काढली. जोतीरामनं आणून ठेवलेला चहा खाली निवत होता. बोर्डावर आता नाव तेवढं आहे, आणि त्याखाली एक फिकट पट्टा.

टाळ वाजायला लागले बघा. शेवटी बुवा हात जोडायला सांगतील, तेव्हा आपल्या माणसांबरोबर त्या मीरासाबचीही एकदा आठवण काढा.