हात लावू नये

“अंग कोमट लागतंय हिचं. आज नको ठेवायला,” पाळणाघरातल्या ताई दारातूनच म्हणाल्या, आणि मुलीची पिशवी आल्या पावली परत आईच्या हातात आली.

तिने पोरीच्या कपाळाला हात लावला. गरम वाटलं, मग वाटलं नाही, मग पुन्हा वाटलं. नवरा फिरतीवर, सासूबाई परगावी, आणि दुपारी कारखान्यात गिऱ्हाईक यायचं होतं. रजा मागायची तरी कोणत्या तोंडाने? बाळंतपणाच्या रजेवरून परतताना साहेबांना तिनेच सांगितलं होतं, “मुलीची सगळी सोय झालीये, सर. कामात अडचण येणार नाही.” साहेब म्हणाले होते, “बघू. तोवर मशीन तुमच्याकडेच. नाहीतर पॅकिंगला माणूस हवाच आहे.”

मशीन लेझरचं. पोलादाच्या पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे कोरणारं. नक्कल अळवाच्या पानाची. पानावर पाणी ठरत नाही, तसं पत्र्यावरही ठरू नये म्हणून. गंमत अशी, की नुकता कोरलेला पत्रा उलट पाणी धरून बसतो. काही आठवडे हवेत नुसता पडून राहिला, की मग झटकायला लागतो. कारखान्यात त्याला ‘मुरणं’ म्हणत. मुरलेल्या पत्र्याला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल उंचवट्यांत बसलं की संपलं. पुसायला जावं, तर उंचवटेच मोडतात. म्हणून टेबलावर तिच्याच अक्षरात पाटी होती : हात लावू नये.

पोरीला अजून वाचता येत नव्हतं.

“हिला इथे आणलंस?” स्टोअरचे काका म्हणाले. “साहेबांनी बघितलं तर?”

“मशीन बंदच आहे ना आज. आणि खुर्चीतून हलणार नाही ती, काका.”

“हो का? तू हलत नव्हतीस वाटतं त्या वयात!”

पण पोर खरंच हलली नाही. बिस्किटाकडेही न बघता दोन खुर्च्या जोडून केलेल्या अंथरुणावर मलूल पडून राहिली. ती दर थोड्या वेळाने जाऊन पोरीच्या नाकाशी बोट धरून यायची. श्वास चालू आहे हे ठाऊक असूनही.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. आवाज नीट येईना, म्हणून ती खिडकीशी गेली.

“औषध दिलंस का गं? लक्ष आहे ना तिच्यावर?”

“आहे हो, आई. डोळ्यांत तेल घालून बसलेय.”

मागे वळली, तर पोर टेबलापाशी उभी. पंजा गिऱ्हाइकाला दाखवायच्या मुरलेल्या पत्र्यावर पसरलेला, डोळे मिटलेले.

“गाऽर,” पोर म्हणाली.

तिने हात अलगद उचलला. पत्रा होता तसाच, करडा, मखमलीसारखा. ट्यूबलाइटखाली तिरका करून पाहिला. कुठे काही नाही. दुसरा मुरलेला पत्रा नव्हता. सांगावं साहेबांना? बाहेर गाडीचं दार लागलं. काकांनी पोरीला कडेवर घेतलं आणि स्टोअरमध्ये नेलं.

गिऱ्हाईक बाई दवाखान्यांसाठी बेसिनं बनवायच्या. साहेबांनी ऐटीत पाणी ओतलं. त्याचे मोती झाले, घरंगळले, पत्रा कोरडा. बाईंच्या भुवया वर गेल्या. साहेबांनी पुन्हा ओतलं, या खेपेला दुसऱ्या टोकाला. मोती घरंगळले, पण काही थेंब जागचे हलेनात. आधी पाच बारीक रांगा दिसल्या, मग त्यांच्याखाली तळवा.

कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. स्टोअरमधून खोकल्याचा आवाज आला.

“केवढी आहे?” बाईंनी तिलाच विचारलं.

“अडीच होईल आता.”

बाई हसल्या. मग साहेबांना म्हणाल्या, “आमच्या बेसिनला दिवसभर हात लागतात हो. साबणाचे, तेलाचे, कसले कसले. हे तर एवढ्याशा हाताने संपलं.”

“सुधारित पत्रा करतोय आम्ही—”

“करा ना. मुरला की कळवा.”

बाई गेल्यावर साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं. “सोमवारपासून पॅकिंगला बसा,” एवढंच म्हणाले. “आणि तो पत्रा भंगारात टाका.”

तिने लेझरचा चष्मा पुसून काकांकडे जमा केला. काकांनी पत्रा पोरीच्या टॉवेलात गुंडाळून तिच्या पिशवीत सरकवला. “भंगारच ना? ने घरी.”

संध्याकाळी ताप चांगलाच चढला. डॉक्टरांचं औषध पोटात गेलं होतं, आता उतरायची वाट बघायची. पोरीच्या कपाळावर ती ओल्या पट्ट्या ठेवत होती. पट्टी पिळताना उशाशी टेकवलेल्या पत्र्यावर पाणी उडालं, ओघळलं, आणि तो हात पुन्हा उमटला. पोरीने अर्धवट डोळे उघडून आपला पंजा बरोब्बर त्यावर ठेवला.

दिवसभर ओठांवर असलेलं “नको गं” तिच्या तोंडून निघालं नाही.

थोड्या वेळाने पत्रा तिथे कोमट झाला. तिने तो फिरवला आणि अजून कोणाचाही हात न लागलेलं टोक पोरीच्या तळव्याखाली सरकवलं.